बिल्ला नंबर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी थांबायचं नाव घेईना. जयंती नाला उलटा फिरला, शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत शिरला. त्यांपैकी एका गल्लीत कामगारांची एक पतसंस्था होती. पूर ओसरल्यावर सचिवांनी शटर वर केलं तेव्हा आत घोट्याच्या वर गाळ होता, आणि फुगलेल्या कागदांनी लोखंडी कपाटांची दारं आतूनच ढकलून उघडली होती. सभासद रजिस्टर, ठेवींच्या वह्या, शेअर्सचे दाखले, सगळ्याचा लगदा झाला होता. शिपायाने ती रजिस्टरं गच्चीवर नेली, एकेक पान सोडवून उन्हात घातलं. पानं वाळली. पण नावांच्या जागी निळे डाग तेवढे उरले.

चालू खात्यांना काही झालं नाही. ती २००६ पासून नव्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि त्याची प्रत दुसरीकडे होती. बुडाले ते त्याआधीचे लोक. कुणी कारखाना सोडून गावाकडे गेलेलं, कुणी वारलेलं, कुणी चार पैसे मागे ठेवून विसरलेलं. नवं सॉफ्टवेअर आणताना 'चालू आहे तेवढं चढवू, बाकीचं रजिस्टरात आहेच' असं ठरलं होतं. त्या वेळी कुणालाच ते चुकीचं वाटलं नव्हतं. रजिस्टर कुठे पळून जाणार होतं?

सफाई चालू असतानाच उचगावच्या मावशी आल्या. केएमटीच्या बसने यायच्या, दर दोन महिन्यांनी, दोन वर्षं झाली. त्यांचे मालक शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होते. आयुष्यभर साचे भरले आणि एक दिवस छातीच्या दुखण्याने गेले. त्यांच्या पगारातून दर महिन्याला संस्थेची कपात व्हायची, एवढं मावशींना पक्कं ठाऊक होतं.

"खाते नंबर सांगा, मावशी," क्लार्क म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. हातात झाडू होता, डोळ्यांत झोप नव्हती.

"खातं-बितं मला ठावं न्हाई. ह्यो बिल्ला हाय बघा." त्यांनी पदराच्या गाठीतून पितळेचा गोल बिल्ला काढून टेबलावर ठेवला. वर कारखान्याची दोन अक्षरं, खाली ४१७.

"बिल्ला कॉम्प्युटरला कळत न्हाई वो. पासबुक, शेअर सर्टिफिकेट, काय तरी आणा."

"पासबुक मालकांच्या पेटीत हुतं. पेटी पाच सालच्या पुरात गेली. आता तुमचं बी गेलं म्हना की." मावशींनी बिल्ला उचलला, परत गाठ मारली आणि गाळातून पाय उचलत निघून गेल्या.

सचिवांची भाची तिथेच उभी राहून हे ऐकत होती. पुण्यात एका कंपनीत नेटवर्कचं काम करायची. मामाचं ऑफिस बुडालं म्हणून चार दिवस रजा काढून आली होती. तिला त्या वेळी काहीच वाटलं नाही, असं तिनेच नंतर सांगितलं. कागद नाही तर दावा नाही, एवढं सरळ होतं ते.

तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला. गाळात गेलेले मॉनिटर, यूपीएस, खुर्च्या गाड्यात भरून झाल्यावर त्याने माळ्याकडे बोट केलं. माळ्यावर बेज रंगाचा एक उंच डबा होता, वर पोतं टाकलेलं.

"त्यो बी घे," मामा म्हणाले. "जुना सर्व्हर हाय. नॉव्हेल."

"थांब मामा," ती म्हणाली. "ह्यात काय होतं?"

"सगळं हुतं. ९४ पासून २००६ पर्यंतचं."

मग तिने तो डबा वजनावर जाऊ दिला नाही.

नव्वदच्या दशकात ज्यांनी कुठल्या ऑफिसात काम केलं आहे त्यांना नॉव्हेल नेटवेअर सांगायला नको. पतसंस्था, बँका, कारखान्यांची ऑफिसं यांत तेव्हा एक ठरलेला थाट असायचा. आतल्या खोलीत एक सर्व्हर, बाहेर चार-पाच डॉसची मशीनं, त्यांच्यावर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला कार्यक्रम, आणि सगळ्यांना जोडणारी काळी गोल केबल, टीव्हीच्या केबलसारखी. ही मशीनं एकमेकांशी आयपीएक्स नावाच्या भाषेत बोलायची. झेरॉक्स कंपनीने आधी बांधलेल्या नेटवर्कवरून नॉव्हेलने ती घेतली होती. आज इंटरनेटवर जी टीसीपी/आयपी भाषा चालते तिच्याशी हिचा संबंध नाही. त्या काळात मात्र ती सोपी आणि वेगवान होती. मशीनला पत्ता वाटून द्यावा लागत नसे. कार्डावर कारखान्यात कोरलेला आकडा हाच त्याचा पत्ता. पुढे इंटरनेट आलं, सगळे तिकडे गेले, नॉव्हेललाही २०११ साली ॲटॅचमेटने विकत घेतलं.

"दोन दिवसांचं काम आहे," ती मामाला म्हणाली. "लिनक्सला आयपीएक्स येतं. केबल जोडतो, फायली उतरवून घेतो." कोल्हापूरच्या पोरी घरी बोलतात तशी तीही 'जोडतो, करतो' असंच बोलायची.

"डिस्क काढून तुझ्या लॅपटॉपला लावली तर?"

तोही विचार तिने केला होता. डिस्कची जशीच्या तशी प्रत तिने आधी काढूनच ठेवली, कारण पंचवीस वर्षांच्या डिस्कवर एका रात्रीचाही भरवसा ठेवू नये. पण नेटवेअर डिस्कवर स्वतःच्या पद्धतीने घडी घालून माल ठेवतं, आणि ती घडी तिच्या लिनक्सला उलगडता येत नव्हती. कपाट हाती होतं, किल्ली सर्व्हरपाशीच होती. सर्व्हर चालू करून, त्याच्या भाषेत विचारूनच फायली मागाव्या लागणार होत्या. डॉसचं एखादं मशीन असतं तरी भागलं असतं, पण ती सगळी कधीच भंगारात गेली होती आणि त्यांच्या फ्लॉप्या गाळात.

सर्व्हर चालू होईना. मदरबोर्डावरची बॅटरी मेली होती, त्यामुळे आपल्याला कोणती डिस्क जोडली आहे हेच तो विसरला होता. त्या काळच्या डिस्कचे सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती, हे हाताने सांगावं लागे. ती आकडे शोधत बसली. मामाने विचार करून सांगितलं, "आण्णांना बोलवूया."

आण्णा संस्थेचे जुने ऑपरेटर. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेली, आता उद्यमनगरात मुलाच्या लेथच्या शेडमध्ये दिवसभर बसायचे. ते आले, चष्मा पुसला, डबा उलटा केला. मागच्या पत्र्यावर चिकटपट्टीखाली एक पिवळी चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरात. तीन आकडे.

"बॅटरी कवा तरी जाणारच की," ते म्हणाले. "म्हणून लिवून ठेवलंवतं."

आकडे भरले. पंखा घरघरला, डिस्कने दोनदा खडखडाट केला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उतरू लागली. आण्णांनी मॉनिटर हा कार्यक्रम लावून ठेवला आणि चहा मागवला. चहा पिऊन होईस्तोवर पडद्यावर एक साप फिरू लागला होता. नेटवेअर रिकामं बसलं की असा साप सोडायचं. काम वाढलं की सापाची लांबी आणि वेग वाढे. आण्णा त्या सापाकडे बराच वेळ बघत राहिले. "जित्ता हाय," एवढंच म्हणाले.

पुढचा अडथळा केबलचा. त्या काळ्या केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचं एक टोपण लागतं, टर्मिनेटर म्हणतात त्याला. ते नसलं तर तारेतून गेलेला संदेश टोकावर आपटून उलटा येतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळून सगळाच कालवा होतो. एक टोपण सर्व्हरलाच लटकत होतं, दुसरं गायब. जुना हब मिळाला, त्याच्या एका बाजूला काळ्या केबलचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला आजची जोडणी. टोपण मात्र कुठल्याच दुकानात मिळेना. ऑनलाइन मागवलं तर आठवडा.

"खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा खांब बघितलायस न्हवं?" आण्णा म्हणाले. "बाबूराव पेंटरांनी १९१८ ला सिनेमाचा कॅमेरा हितं घडीवला, ह्याच गावात. आनि आपन टोपनासाठी आठ दिस बसायचं?" त्यांनी १०० ओहमचे दोन रेझिस्टर आणले, शेजारी-शेजारी जोडले आणि केबलच्या जुन्या पिनमध्ये बसवून डाग दिला. १०० आणि १०० समांतर जोडले की ५० होतात. मीटर लावून दाखवलं आणि टोक बंद केलं.

इथवर सगळं हाताचं काम होतं. आता तिचं काम सुरू झालं, आणि ते अडलं.

तिच्या लॅपटॉपवर डेबियन १० हे लिनक्स होतं, त्याच जुलैमध्ये आलेलं, त्याचा गाभा म्हणजे कर्नल ४.१९. तिने आयपीएक्सचं मॉड्यूल मागितलं. उत्तर आलं, असं मॉड्यूल नाही. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. मग शोधलं तेव्हा कळलं की २०१८ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ४.१८ आवृत्तीत आयपीएक्स आणि नेटवेअरच्या फायली वाचणारं एनसीपीएफएस ही दोन्ही काढून टाकली होती. जेमतेम एक वर्षापूर्वी. त्याआधी वीस वर्षांहून अधिक काळ ती तिथे होती.

ती चिडली, आणि ते साहजिक होतं. पण मला काढणाऱ्यांची बाजूही इथे मांडली पाहिजे. कर्नलमधला कोणताही भाग कुणीतरी सांभाळावा लागतो. बाकीचं घर बदललं की त्याचीही कौलं बदलावी लागतात, आणि ज्याला कुणी वापरत नाही, तपासत नाही, त्या खोलीतूनच चोर आत येतो. आयपीएक्सला सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. काढण्याआधी त्यांनी ते बाजूच्या ओसरीवर ठेवलं, कुणी न्यायला येतंय का वाट पाहिली, आणि कुणीच आलं नाही तेव्हा बाहेर केलं. असंच २०१२ साली टोकन रिंग या जुन्या नेटवर्कच्या प्रकाराचं झालं होतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ही, की काढलं म्हणजे जाळलं नाही. मुक्त स्रोताच्या जगात काढलेली ओळही इतिहासात राहते, कुणी, कधी, का काढली त्या नोंदीसकट. जुन्या आवृत्त्या कुलपात नसतात, कुणालाही उतरवून घेता येतात. संस्थेची क्लायंटची फ्लॉपी पुरात गेली ती कायमची. पण जगात कुणाच्या तरी सर्व्हरवर जुनं डेबियन शाबूत होतं.

तिने लॅपटॉपमध्येच एक आभासी मशीन उभं केलं आणि त्यात डेबियन ८ बसवलं, २०१५ चं, कर्नल ३.१६. त्यात आयपीएक्स होतं. आभासी मशीनचं कार्ड खऱ्या केबलला पुलासारखं जोडलं. म्हणजे बाहेर आजचं मशीन, त्याच्या पोटात जुना दुभाषा. तिने आज्ञा लिहिल्या, सर्व्हरची यादी मागितली. एकही सर्व्हर सापडला नाही.

असे पाच दिवस गेले. रजा वाढवली. ती वेगवेगळ्या तऱ्हेने हाका मारत होती. तिने एक छोटा कार्यक्रमच लिहिला होता, तो दर दहा सेकंदांनी सर्व्हरला साद घाली, मग थोडा बदल करून पुन्हा. केबल बदलली, हब बदलला, कार्डावर संशय घेतला. आण्णा रोज चार वाजता येऊन बाकावर बसत आणि सापाकडे बघत. ते काही बोलत नसत. पाचव्या संध्याकाळी बोलले.

"पोरी, पाच दिस झालं तूच बोलतीयास. त्यो काय बोलतोय ते ऐकलंस काय?"

"तो उत्तरच देत नाही आण्णा."

"उत्तर न्हवं म्हणत मी. त्यो आपनहून काय बोलतोय? दर मिनिटाला त्यो आपलं नाव पुकारतोय. पयल्या दिवसापास्नं पुकारतोय."

तिने आपला कार्यक्रम बंद केला. आभासी मशीनही बंद केलं. साध्या नव्या डेबियनवर टीसीपीडंप लावलं. हे साधन तारेवरून जे जाईल ते फक्त दाखवतं, स्वतः एक अक्षर बोलत नाही. त्याला आयपीएक्सचं मॉड्यूलही लागत नाही. ती आणि आण्णा पडद्यापुढे बसले. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि बाहेर कुणीतरी पंपाने तळघरातलं पाणी उपसत होतं.

चाळीसेक सेकंद काहीच नाही. मग एक ओळ उमटली. साठ सेकंदांनी पुन्हा तीच. आकड्यांच्या रांगेत मधेच इंग्रजी अक्षरांत संस्थेच्या सर्व्हरचं नाव. आणि त्या रांगेच्या अगदी सुरुवातीला, लांबीचा आकडा संपल्याबरोबर, चार एफ: एफएफएफएफ.

ते चार एफ बघून तिने कपाळाला हात लावला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आयपीएक्सचा मजकूर तोच असला तरी तो ज्या पाकिटात घालतात ती पाकिटं चार प्रकारची होती. नेटवेअर ३.११ पर्यंत नॉव्हेल ८०२.३ चं कोरं पाकीट वापरे. त्यात मजकूर सरळ चार एफनी सुरू होतो. १९९३ साली आलेल्या ३.१२ पासून नॉव्हेलने नेहमीचं पाकीट म्हणून ८०२.२ धरलं. आता तार एक, भाषा एक, पत्ता बरोबर, तरी पाकीट वेगळं असलं तर समोरचा ते उघडतच नाही. तो तक्रारही करत नाही. त्याच्या लेखी काही आलेलंच नसतं. या सर्व्हरवर ३.१२ होतं, म्हणून तिने पुस्तकाप्रमाणे ८०२.२ ठरवून टाकलं होतं. लिनक्सच्या आयपीएक्सला ऐकून पाकीट ओळखण्याची सोय होती. तिने ती मुद्दाम बंद ठेवली होती, कारण आपल्याला माहीत आहे असं तिला वाटत होतं.

"पण ३.१२ ला ८०२.२ असतं ना आण्णा?"

"असतं की. पन आमी ३.११ वरनं वर चढवलं. भाईरची मशीनं जुनी, त्यास्नी नवं पाकीट कळंना. मग मी सर्व्हरलाच म्हटलं, बाबा तू जुनंच वापर." तेही त्यांनी लिहून ठेवलं होतं, सर्व्हर सुरू होताना वाचतो त्या फाईलमध्ये. कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

तिने आभासी मशीन पुन्हा चालू केलं, ८०२.३ लावलं, जाळ्याचा क्रमांकही सर्व्हरच्याच पुकाऱ्यातून उचलला. यादी मागितली. एका सेकंदात नाव आलं. पडद्यावरचा साप दचकल्यासारखा लांब झाला.

पासवर्ड आण्णांना आठवला. खासबाग. इंग्रजी अक्षरांत, बारा वर्षं तोच. रात्री अकरापर्यंत सगळ्या फायली उतरल्या. मामा हरखून म्हणाले, "मग आता ह्याला ऑफिसच्या नेटवर्कलाच जोडून ठेवूया की. लागंल तेव्हा बघता येईल." तिने स्पष्ट नाही म्हटलं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर कार्यक्रमाने जगभरची हॉस्पिटलं आणि कारखाने अडवले ते विंडोजमध्ये मागे राहून गेलेल्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतून, हे तिने त्यांना समजावून सांगितलं. जुन्या भाषेसाठी वेगळी खोली, वेगळी तार, आणि काम झालं की दिवा बंद. यात भावनेला जागा नाही, आणि ती बरोबर होती.

फायली फॉक्सप्रोच्या होत्या, डीबीएफ. त्यांची रचना जगजाहीर आहे. लिबरऑफिसने त्या उघडल्या. रकाने दिसले, आकडे दिसले, तारखा दिसल्या. नावांच्या जागी मात्र विचित्र चिन्हांची माळ.

"गिस्ट कार्ड हुतं," आण्णा म्हणाले. पुण्याच्या सीडॅकचं हे कार्ड मशीनमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर मराठी उमटे. अक्षरं साठवली जात इस्की या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १३१९४, साल १९९१. आजच्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे, त्यामुळे अक्षराला अक्षर जुळवणं फार अवघड नाही, आणि आयसीयू या मुक्त सॉफ्टवेअर-लायब्ररीला इस्की वाचता येतं. तिने फाईल त्यातून काढली. पहिलंच नाव नीट मराठीत उमटलं तेव्हा मामा खुर्चीतून उठले. त्यांच्या वडिलांच्या वेळचे सभासद होते ते.

आता ती रकान्यांची नावं वाचू लागली. पहिला रकाना खाते क्रमांकाचा असेल असं तिने धरलं होतं. तो नव्हताच. पहिला रकाना कारखान्याच्या दोन अक्षरांचा, दुसरा बिल्ल्याचा.

"खाते नंबर नव्हता?"

"कशाला लागतोय? कपात पगारातनं. कारखाना दर म्हैन्याला यादी धाडायचा, बिल्ल्यापरमानं. मानसं नाव सारकी लावत्यात, बिल्ला एकाचा एकच. खाते नंबर नव्या सॉफ्टवेअरनं आनला."

ती गप्प बसली. मग मामाला म्हणाली, "त्या उचगावच्या मावशींना फोन करता येईल का?"

त्यांच्याकडे फोन नव्हता. क्लार्क दुसऱ्या दिवशी स्वतः मोटारसायकलवर गेला आणि त्यांना घेऊन आला. ती मावशींसमोर बसली आणि या वेळी कुणीच काही विचारलं नाही. त्यांनी बिल्ला काढला, आणि दोन वर्षं जे सांगत होत्या तेच पुन्हा सांगितलं. मालक कुठल्या भट्टीवर होते, कपात कुठल्या साली सुरू झाली, लेकीच्या लग्नात कर्ज काढलं ते कधी फेडलं. तिने सगळं लिहून घेतलं आणि अक्षरं व ४१७ टाकून शोधलं.

नाही. ४१६ होता, ४१८ होता. ४१७ नव्हता.

मावशींनी पदर सावरला. त्यांना सवय होती. पण आण्णा बाकावरून पुढे सरकले. "तुझं ते लिबरऑफिस पुसलेलं दावतंय काय?"

हा प्रश्न तिला सुचला नसता. डीबीएफमध्ये नोंद पुसली म्हणजे ती जात नाही. नोंदीच्या पहिल्या जागेवर एक फुली पडते, तारका म्हणा, आणि कार्यक्रम ती ओळ दाखवणं सोडून देतो. पॅक ही आज्ञा दिली तरच ती खरोखर निघते.

"२००६ ला चालू खाती भाईर काढताना बाकीच्यास्नी फुली मारली," आण्णा म्हणाले. "साहेब म्हनले पॅक कर, डिस्कवर जागा हुईल. मी म्हटलं करतो. केलं न्हाई. मानूस हाय त्यो, नुसती फुली बास झाली."

तिने फाईल कच्ची उघडली, आकड्याला आकडा. तारका होती. तिच्यापुढे दोन अक्षरं, ४१७, आणि मग इस्कीत एक नाव. तिने ते युनिकोडमध्ये केलं आणि मोठ्याने वाचलं. मावशींनी नवऱ्याचं नाव कुणाच्या तोंडून पूर्ण ऐकून बरीच वर्षं झाली असावीत. त्या काही बोलल्या नाहीत. टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

व्यवहारांच्या फाईलमध्ये कर्ज फेडल्याची नोंद सापडली, मावशींनी सांगितलं त्याच साली. रक्कम परत दिल्याची नोंद नव्हती. शेअर्स आणि कपातीची ठेव, दोन्ही संस्थेकडेच होतं. संचालक मंडळाने पुढच्या सभेत व्याजासह देण्याचा ठराव केला. पैसे फार मोठे नव्हते. मावशींनी त्यातून पाच सालच्या पुरात पडलेली मागची भिंत बांधून घेतली.

फुली मारलेल्या सगळ्या नोंदी तिने वेगळ्या काढल्या. ज्यांना पैसे दिल्याची नोंद होती ती नावं वगळली. उरलेली यादी मामाने छापून बाहेरच्या फळ्यावर लावली, आणि क्लार्कने तिची एकेक प्रत शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या आणि उद्यमनगरातल्या जुन्या कारखान्यांच्या गेटवर नेऊन दिली.

पुण्याला निघण्याआधी ती आण्णांबरोबर सर्व्हरपुढे बसली. साप आखडून हळू फिरत होता. आण्णांनी तिला कीबोर्ड दिला. "नेटवेअरला कधी बटनानं मारायचं न्हाई. त्याला सांगायचं, आता खाली बस." तिने डाऊन टाइप केलं. सर्व्हरने उघड्या फायली बंद केल्या, डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिलं आणि मग बंद करायला हरकत नाही असं कळवलं. तिने वीज काढली. सर्व्हर माळ्यावर गेला, आणि त्याच्या पत्र्यावर पिवळ्या चिठ्ठीखाली तिने आणखी एक चिठ्ठी चिकटवली: पाकीट ८०२.३, जाळ्याचा क्रमांक, डेबियन ८, नावं इस्कीत, पुसलेल्या नोंदी फाईलमध्येच आहेत.

नव्या सॉफ्टवेअरच्या शोधखिडकीत आता खाते क्रमांकाच्या खाली आणखी एक रकाना आहे. बिल्ला नंबर.